ट्रकच्या गोळ्यातलं एरंडेल

मी वाचायला शिकलो तो पत्रकांवर. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे आणि वाया गेलेले कागद घरी आणायचे. गिरणी कामगारांची पत्रकं, विडी वळणाऱ्या बायकांची पत्रकं, रेशनच्या ज्वारीत खडे निघतात म्हणून काढलेली पत्रकं. अंकलिपी हातात येण्याआधी मला ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ वाचता येत होतं. कागदाच्या कोऱ्या बाजूवर आई वाण्याची यादी लिहायची, छापलेल्या बाजूवर मी मोठा होत होतो.

पुढं मी स्वतःच पत्रकं लिहू लागलो. त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती: करायचं ते दुसऱ्या कुणीतरी. सरकारनं द्यावं, मालकानं थांबवावं, नगरपालिकेनं दुरुस्त करावं. हे मागणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. मागितल्याशिवाय आमच्या शहरात कुणाला काही मिळालेलं मी पाहिलेलं नाही. पण बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा असं पत्रक लिहिलं, ज्यात करणारे आम्ही होतो. ‘एक दिवसाआड पाण्याची गाडी तुमच्या वस्तीवर येईल.’ खाली आमच्या तरुण मंडळाचं नाव.

वस्ती मंगळवेढ्याच्या पलीकडच्या माळावर, मेंढपाळांची. वीसेक घरं आणि विहीर आटलेली. वाटेत एक ओढा होता, म्हणजे शंभर पावलं रुंद कोरडी वाळू. येणारा प्रत्येक टँकर त्या वाळूच्या अलीकडे थांबायचा, कारण आत गेला की रुतायचा. बायका घागरी घेऊन दीड मैल यायच्या. माणसांचं कसंबसं भागायचं. मेंढ्यांचं भागत नव्हतं, आणि जनावरांच्या छावणीत गाईबैलांना जागा होती, मेंढरांना नव्हती. यावर माझी दोन पत्रकं लिहून झाली होती.

आम्हाला गाडी दिली ती एका तेलगिरणीच्या मालकानं. याच गिरणीच्या फाटकावर दोन वर्षांपूर्वी मी हमालांच्या हक्कासाठी घोषणा दिल्या होत्या. घरी कन्नड आणि दुकानात मराठी बोलणारे, कपाळावर भस्माचे पट्टे ओढणारे हे अप्पा मला बघून म्हणाले, “तम्मा, तुझा आवाज ओळखतो मी. घसा बरा आहे न्हवं?”

मी म्हणालो, “गाडी घेतली म्हणून घोषणा बंद होणार नाहीत, अप्पा.”

“होऊ नये. पाऊस पडला की गाडी परत आण, मग दे घोषणा.”

गाडी लष्कराच्या लिलावातून घेतलेली होती. हिरवा रंग उडालेला, नाक आखूड, चाकं उंच. त्यावर आम्ही लोखंडी टाकी बसवली. चालवायला अप्पांनी त्यांचा ड्रायव्हर दिला, मोडनिंबचा, पन्नाशीचा. त्याला सगळे मामा म्हणत. पहिल्याच खेपेला मामानं भरलेली गाडी ओढ्यात घातली. मी डोळे मिटून घेतले. गाडी वाळूत डुलली, एक चाक थोडं फिरलं, आणि पलीकडे चढली. वस्तीवरच्या पोरांनी ओरडून माळ डोक्यावर घेतला.

मामा म्हणाला, “हिच्या मागच्या गोळ्यात कायतरी येगळं हाय. दुसरी गाडी असती तर आज आपून हितंच मुक्काम केला असता.”

गोळा म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या मधोमध असतो तो फुगीर लोखंडी डबा. इंजिनाची ताकद त्यातून दोन्ही चाकांना वाटली जाते. साध्या ट्रकमध्ये ह्या वाटणीत एक खोड आहे: एक चाक वाळूत मोकळं फिरू लागलं, की सगळं फिरणं त्याच्याच वाट्याला जातं आणि जमिनीला धरून असलेलं दुसरं चाक गप्प उभं राहतं. आमच्या गाडीत तसं होत नव्हतं. मला हे फार आवडलं. मामाला मी तीन मैलभर त्यावर भाषण दिलं. शेवटी तो म्हणाला, “मालक, गिअर बदलू द्या जरा.”

गाडीचा एकच दोष होता. वळणावर मागून कुरकुर यायची, कधी कडकड. मामाला ती सहन होईना. त्यानं अप्पांच्या कानावर घातलं. अप्पांनी गिरणीतून एरंडेलाचा डबा पाठवला. “गोळ्यात ओता. माझं एरंडेल. बैलगाडीच्या कण्याला माझ्या आजोबापासून हेच आहे.” मामानं दोन शेर ओतलं. दुसऱ्या दिवशी गाडी वळणावर गप्प. मामा खूश, अप्पा खूश, मीही खूश. ज्यानं जन्मभर गप्प बसणाऱ्यांविरुद्ध लिहिलं, त्या मला गाडी गप्प झाली याची शंका आली नाही.

पाच-सहा खेपा बऱ्या गेल्या. मग एका मंगळवारी सकाळी भरलेली टाकी घेऊन आम्ही ओढ्यात उतरलो आणि मधोमध थांबलो. डावं चाक भणभणत फिरत होतं, वाळू उडवत होतं, खाली खाली जात होतं. उजवं ढिम्म. मामानं मागे घेतली, पुढे घेतली. गाडी आसापर्यंत बसली.

वस्तीवरून बायका आल्या. त्यांच्यातली सगळ्यांत मोठी, काठी टेकत चालणारी मावशी, रुतलेल्या चाकाकडं बघत उभी राहिली. तिच्याच घराच्या कुडाला माझं पत्रक चिकटवलेलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, नातवानं वाचून दाखवलं होतं.

“वस्तीवर येतो म्हनला व्हतास की, लेकरा.”

“मावशी, गाडी बिघडली.”

“गाडी बिघडली. आमची मेंढरं काय म्हनत्यात, आमी बिघडलो?” तिच्याबरोबरच्या पोरी हसल्या. ती हसली नाही. “ह्या आठवड्यात अठ्ठावीस कोकरं झाल्यात. मोठं मेंढरू चालत भीमेपतोर जाईल. दोन दिसाचं कोकरू कुटं चालतंय? तू येनार नसशील तर आज सांग, आमी उद्या हलतो. जेवडी जगतील तेवडी जगतील. पर खोटं सांगू नगो.”

मी म्हणालो, “परवा येतो. गुरुवारी.”

“वस्तीवर?”

“वस्तीवर.”

ती बायकांकडं वळून म्हणाली, “भरा गं.” टाकी तिथंच वाळूत रिकामी करून घेतली. डोक्यावर जाईल तेवढं गेलं. हलकी झालेली गाडी आम्ही चाकाखाली झुडपं घालून, वीस माणसांनी ढकलून बाहेर काढली आणि सोलापूरला परत निघालो. डांबरी रस्त्यावर ती नीट चालत होती. वाळूत चालण्याची तिची तेवढी अक्कल गेली होती.

विजापूर रस्त्यावर पत्र्याच्या आडोशाला एका मिस्त्रीचं काम चालायचं. त्यांना सगळे चाचा म्हणत. घरची बोली दखनी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि नट गंजलेला असला तर दोन्हींत. मी त्यांना गुरुवारबद्दल सांगितलं, कोकरांबद्दल सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि गाडीखाली शिरले.

गोळ्याचं तेल काढायला त्यांनी खालचा नट सोडला. तेल पडेचना. मग काकवीसारखं, तांबूस, चिवट काहीतरी लोंबत आलं. चाचांनी बोटावर घेऊन वास घेतला.

“ये क्या हलवा है जी?”

मामा आभाळाकडं बघू लागला. मी एरंडेलाचं सांगितलं.

“हौ. बाळंतिणीला देतात ते? गाडीला काय झालं होतं, पोटात दुखत होतं?”

दुपारी तीनपर्यंत त्यांनी गोळा उघडला. आत ठरलेले दातेरी गिअर होतेच, पण दोन्ही अंगांना पातळ पोलादी ताटल्यांची एकेक चवड होती. चाचांनी असलं कधी पाहिलं नव्हतं. एकेक ताटली काढून त्यांनी क्रमानं गोणपाटावर मांडली आणि समोर उकिडवे बसून राहिले. बिडी विझली तरी हातात होती. एक ताटली आतल्या गिअरला अडकणारी, पुढची बाहेरच्या डब्याला, पुन्हा आतली, पुन्हा बाहेरची.

“क्लच आहे,” ते एकदम म्हणाले. “मोटरसायकलचा असतो तसा. गोळ्यात क्लच! ताटल्या एकमेकींना घासून धरतात, म्हणून एक चाक सुटलं तरी दुसऱ्याला सोडत नाहीत. आणि तुम्ही धरणाऱ्या हातालाच एरंडेल लावलं.”

त्या कुरकुरीचा अर्थ आता मला कळला. वळणावर ताटल्या एकमेकींवर घासत होत्या, आपलं काम करत होत्या. आम्ही त्यांना गप्प केलं. एरंडेल तापून चिकट झालं, ताटल्यांवर काचेसारखा थर बसला, त्या झिजल्याही. नव्या ताटल्या सोलापुरात काय, कुठंच मिळणार नव्हत्या.

मामाचं मत होतं की आतले गिअर वेल्डिंग करून कायमचे जाम करावेत. दोन्ही चाकं एकत्रच फिरतील, कटकट संपली. मला ते पटलं. पटलं म्हणजे मी उभा राहून बोलायलाच लागलो: दोन्ही चाकांना सारखं, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

चाचांनी कोपऱ्यातला दहा फुटी पाइप उचलला. एक टोक माझ्या हातात दिलं, एक मामाच्या. “मामा, तू जागेवर फिर. तुम्ही पाइप सरळ ठेवून त्याच्याबरोबर चला. सोडायचा नाही.”

मामा जागच्या जागी गिरक्या घेऊ लागला. मी बाहेरच्या टोकाला, धावतच सुटलो. दुसऱ्या फेरीत चप्पल सुटली. शेजारचा पंक्चरवाला टाळ्या वाजवत होता.

“आता तुम्ही दोघं सारखीच पावलं टाका,” चाचा म्हणाले. पाइप वाकडा झाला, मामा तोल जाऊन माझ्या अंगावर आला. “हे तुमचं वेल्डिंग. वळणावर बाहेरच्याला जास्त चालावं लागतं. चालू दिलं नाही तर आस तुटतो. भरलेल्या टाकीखाली मंगळवेढ्याच्या रस्त्यावर तुटला, तर गुरुवार विसरा.”

मी धापा टाकत चप्पल शोधू लागलो. सारखं वागवणं आणि सारखं चालायला लावणं ह्यांतला फरक मला कुठल्या पत्रकात सापडला नव्हता.

ताटल्यांवरचा थर रॉकेलनं निघेना. पॉलिश पेपरनं घासला तर कागद चिकटायचा. संध्याकाळ व्हायच्या आत मी अप्पांकडं गेलो आणि जे झालं ते सांगितलं. जरा चढ्या आवाजातच सांगितलं असेल.

“माझ्या तेलात खोट?” अप्पा ताठ झाले.

मी एक ताटली त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी नखानं थर खरवडला, बोटांत चोळला, नाकाशी नेला. स्वतःच्या गिरणीचं तेल त्यांनी ओळखलं. मग म्हणाले, “शिजलंय. शिजलेलं एरंडेल रॉकेलला दाद देत नाही. कढत पाणी आणि धुण्याचा सोडा. आमच्या कढया आम्ही तशाच काढतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा स्वतः आले. पातेलं, सोडा आणि काथ्याची घासणी घेऊन. धोतर वर खोचून ते चाचांच्या दगडावर बसले. मी पातेल्याखाली जाळ केला. ज्या माणसाच्या फाटकावर मी मुठी उगारल्या होत्या, त्याच्या शेजारी बसून मी सकाळभर ताटल्या घासल्या. आम्ही हमालांच्या मजुरीवरून भांडलोही. एकमत झालं नाही. ताटल्या मात्र निघाल्या, राखाडी, कोरड्या, बोटाला धरणाऱ्या.

झीज भरून काढायला दोन्ही चवडींत एकेक जादा चकती घालावी लागणार होती, पातळ आणि चिवट पोलादाची. चाचांनी सुताराकडून मोडलेली करवत आणली. तिच्या पात्यातून एका टर्नरनं दोन गोल चकत्या कापून दिल्या. चाचांनी त्या घातल्या, काढल्या, तेलदगडावर घासल्या, पुन्हा घातल्या. “जास्त घट्ट झालं तर वेल्डिंगच झालं. सैल झालं तर हलवा.” बुधवारी दुपारी चारला गोळा बंद झाला, ताटल्यांना चालतं ते साधं गिअर ऑइल भरलं, आणि चाचांनी मामाला दम दिला: “आता कुरकुरेल. कुरकुरू दे. कुणी एरंडेल दिलं तर तू पी.”

मग त्यांनी तेच केलं जे ते आणि त्या रस्त्यावरचा प्रत्येक मिस्त्री मागच्या आसाचं काम झालं की करतो. उजवी बाजू जॅकवर उचलली, पुढच्या चाकाला दगड लावला, मामाला गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायला सांगितलं. उचललेलं चाक हवेत फिरतं, आणि मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हर आसाला टेकवून त्याची मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकतो. हजार वेळा केलेली गोष्ट.

मामानं क्लच सोडला.

गाडी जॅकवरून उडाली. दगड उडवून पुढं झेपावली, पंक्चरवाल्याची ट्यूब बुडवायची पाण्याची टाकी आडवी केली आणि मामाचा पाय ब्रेकवर पडला तेव्हा लिंबाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर थांबली. जॅक एकीकडे, स्क्रू-ड्रायव्हर दुसरीकडे. चाचा धुळीत बसलेले, कानाची पाळी फाटून रक्त येत होतं.

पंक्चरवाला ओरडत होता, “पाणी! अरे दुष्काळात पाणी सांडलं रे!”

मीही ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. मला वाटलं, सगळं संपलं, गाडी गेली, गुरुवार गेला. काम बघायला थांबलेल्या अप्पांनी पळत जाऊन आपल्या उपरण्यानं चाचांचा कान दाबून धरला. चाचा कुणाचंच ऐकत नव्हते. ते जमिनीकडं बघत होते. जिथं डावं चाक टेकलेलं होतं, तिथं मातीत खोल ओरखडा उठला होता.

“धरलं,” ते म्हणाले.

“काय धरलं?” मी अजून ओरडतच होतो.

“एक चाक हवेत. दुसरी गाडी असती तर तेच फिरत बसलं असतं, गाडी जाग्यावर. ही जमिनीवरच्या चाकानं पळाली.” ते हसायला लागले, अप्पांचा हात कानावर तसाच. “अरे, ताटल्यांनी धरलं! मीच वेडा. ह्या गाडीला दोन्ही बाजू उचलल्याशिवाय गिअरच टाकायचा नाही. तीस वर्षं मिस्त्रीकाम केलं आणि आज शिकतोय.”

मामा खाली उतरला होता. “चाचा, मला बी जरा शिकायच्या आदी सांगत जावा.”

जॅक निसटताना स्प्रिंग धरून ठेवणारा एक बोल्ट वाकला होता. तो गुरुवारी सकाळी लोहाराकडून सरळ करून आणून बसवावा लागला, आणि आम्ही निघालो तेव्हा दहा वाजून गेले होते. एरवी आम्ही ह्या वेळी वस्तीवर असायचो. चाचा कानाला पट्टी बांधून गाडीत चढले. “मला वाळूत बघायचंय,” एवढंच म्हणाले.

भीमेकाठच्या पंपावर टाकी भरली. वळणावळणाला मागून कडकड येत होती, आणि दर वेळी चाचा मान डोलावत होते, गाणं ऐकणाऱ्या माणसासारखे.

ओढ्याच्या काठावर पलीकडून येणारं कुणी दिसलं नाही. मला वाटलं, गेले. आम्हाला उशीर झाला आणि ते हलले. मामानं विचारलं, “घालू?” चाचा खाली उतरले, वाळूत मागं मागं चालू लागले, डोळे मागच्या चाकांवर. मी त्यांच्याबरोबर उतरलो. गाडी वाळूत शिरली. मंगळवारी जिथं बसलो होतो त्या खड्ड्याशी डावं चाक घसरलं, अर्धा फेरा फिरलं. मग उजव्या चाकानं वाळू पकडली, दोन्ही चाकं एकदम रुतल्यासारखी झाली आणि निघाली. चाचा गाडीबरोबर पळत होते, साठीला आलेला माणूस, “शाब्बास, शाब्बास” म्हणत. काठ चढून गाडी माळावर आली.

वस्ती जागेवर होती. कुणी हललं नव्हतं. बायका घागरी घेऊन ओढ्याकडं आल्या नव्हत्या, कारण मावशीनं येऊ दिलं नव्हतं. “वस्तीवर येनार म्हनलाय,” तिनं त्यांना सांगितलं होतं, “मग आपून कशाला मदी जायाचं?” दगडी डोणी झाडून ठेवलेल्या होत्या. टाकीचा नळ सोडला तशा मेंढ्या डोणींवर तुटून पडल्या. बायकांनी कोकरांच्या आयांना आधी पुढं घेतलं. चाचा एका कोकराला मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या पट्टीचं टोक ते चघळत होतं.

मला वाटलं होतं मावशी काही चांगलं बोलेल. ती म्हणाली, “दुपार केलीस.”

“उशीर झाला, मावशी.”

“आलास न्हवं.” मग काठीनं तिनं दक्षिणेकडं दाखवलं. “त्या टेकाडाच्या मागं माज्या भनीची वस्ती हाय. तितं बी पानी न्हाय. त्यांना सांगू का, गाडी येती म्हनून?”

माझ्या तोंडात ‘व्हय’ आलं होतं. एका आठवड्यापूर्वी मी ते म्हणून, तिथल्या तिथं कागद काढून मजकूरही लिहायला घेतला असता. मी चाचांकडं पाहिलं. ते कोकराचे कान तपासत होते.

“वाट कशी आहे तिकडं?” मी विचारलं.

“वाट कसली. चढ हाय, दगडं हायेत. मदी एक नाला.”

“वाळू का माती?”

“मला काय ठावं? मी काय चाक हाय?”

बायका हसल्या, आणि आता तीही हसली. मामा म्हणाला टाकी रिकामी व्हायला अजून अर्धा तास आहे. चाचांनी कोकरू खाली ठेवलं, गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि धूळ झटकली. मावशीनं नातवाला वाट दाखवायला पुढं घातलं. उन्हात आम्ही तिघं टेकाडाकडं चालू लागलो, नाला किती रुंद आहे ते बघायला.